शरीराला सोबत घेऊन मन मोकळं करताना : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि वाशी-नेरुळच्या बाजूला देहाधारित समुपदेशनाचं, म्हणजे बोलण्याबरोबर शरीरातल्या जाणिवांकडेही लक्ष देणारं, काम करताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी फोनवर विचारतं, कुणी पहिल्या भेटीत, आणि पुष्कळदा खरा प्रश्न निघायच्या वेळी, चप्पल घालताना येतो. उत्तरं शक्य तितकी सविस्तर लिहिली आहेत. पण ती वाचून स्वतःवरच उपचार सुरू करू नका, ही विनंती.

ईसीजी, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तरी धडधडतं, घशात आवंढा अडकल्यासारखा वाटतो. म्हणजे हे मनाचे खेळ का?

खेळ नक्कीच नाहीत. तुम्हाला धडधडतं तेव्हा हृदय खरोखरच वेगाने चालत असतं, आणि घसा आवळतो तेव्हा तिथले स्नायू खरोखरच घट्ट झालेले असतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली दाखवून दिलं, की भीती आणि राग यांत शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. अॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, पचन मंदावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. समोर साप असेल तर याचा उपयोग होतो. पण समोर साहेबांचा मेसेज असेल, बँकेचा हप्ता असेल, किंवा आठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या रात्रीची आठवण असेल, तर पळणार कुठे? तयारी झालेली राहते आणि ती कुठेच खर्च होत नाही. खांदे चढलेले राहतात, जबडा आवळलेला, पोटात गोळा.

तपासण्या करून आलात हे मात्र फार चांगलं केलंत. छातीत दुखणं, चक्कर, वजन घटणं, हाताला मुंग्या यांपैकी काहीही असलं तर आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 कमी-जास्त असताना माणसाला "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो विशेषतः बायकांच्या वाट्याला येतो.

मग तुम्ही नेमकं करता तरी काय?

बसून बोलतो, तेही बराच वेळ. फरक इतकाच, की बोलता बोलता शरीरात काय चाललंय याकडेही दोघं मिळून लक्ष देतो.

समजा, कुणी सांगतंय की भावाशी जमिनीवरून बोलणं बंद झालं. सांगताना आवाज अगदी सपाट आहे, पण उजवी मूठ वळलेली आहे. मी विचारते, "हाताकडे लक्ष गेलं का? तो तसाच राहू दे. त्याला काय करावंसं वाटतंय?" कधी उत्तर येतं, "ढकलावंसं वाटतंय." मग भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून, अगदी सावकाश ढकलून बघायचं. पाय जमिनीवर, श्वास चालू. पाठीत काय होतंय, मानेत काय होतंय, ते सांगत राहायचं. मध्येच थांबायचं, खिडकीबाहेर बघायचं, पाणी प्यायचं, मग पुन्हा. एवढ्याने कधी डोळे भरून येतात, कधी मोठी जांभई येते, कधी हात थरथरतात आणि गरम होतात. कधी काहीच होत नाही, आणि तेही चालतं.

याशिवाय काही साधे प्रकार आहेत. श्वास सोडणं लांबवणं. एकेक स्नायू मुद्दाम आवळून सैल सोडणं. तळपायांचा जमिनीवरचा दाब जाणवून घेणं. खोलीत मान हळूहळू फिरवून आजूबाजूच्या वस्तू बघणं. उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. दिसायला किरकोळ वाटतात. पण ज्याला वर्षानुवर्षं आपलं अंग हे शत्रूचं घर वाटत आलंय, त्याला पाच मिनिटं स्वतःच्या पाठीला खुर्चीचा आधार जाणवणं ही मोठी गोष्ट असते.

ही पद्धत आली कुठून?

एका माणसाकडून नाही. फ्रॉइडचे शिष्य विल्हेल्म राइख यांनी 1930च्या दशकात मांडलं, की माणूस दाबलेल्या भावनांवर स्नायूंचं चिलखत चढवतो. त्यांचं उत्तरायुष्यातलं बरंचसं काम विज्ञानाला धरून नव्हतं, पण हे निरीक्षण टिकलं. त्याच सुमारास एडमंड जेकबसन हे अमेरिकी डॉक्टर स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत बसवत होते. आज ती जगभर सर्वसाधारण उपचारांत आहे. शिकागोत युजीन जेंडलिन यांनी समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकून पाहिलं, की बोलताना मध्येच थांबून आतल्या अस्पष्ट जाणिवेकडे जे लक्ष देतात, त्यांना जास्त फायदा होतो. पुढे पीटर लव्हीन यांनी सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग आणि पॅट ऑग्डेन यांनी सेन्सरीमोटर सायकोथेरपी, या शरीरातल्या जाणिवांमधून आघातावर काम करणाऱ्या दोन पद्धती उभ्या केल्या. फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून विकसित केलेली ईएमडीआर ही आघातावरची उपचारपद्धत नेमकी याच घरातली नाही, पण आठवण, डोळ्यांची हालचाल आणि शरीरातली जाणीव तीही एकत्र घेते.

मला एकदाचं सगळं बाहेर काढून टाकायचंय. ओरडून, रडून. तसं करून देता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा फार दमलेला असतो, म्हणून त्याला थोडा वेळ देते.

"बाहेर काढणं" ही कल्पना मनाला लगेच पटते. आत काहीतरी साचलंय, झाकण उघडलं की निघून जाईल. पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही वेगळं सांगतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा 2002चा प्रयोग यासाठी समजून घेण्यासारखा आहे. राग आणलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याचा राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितलं, आणि काही नुसते बसून राहिले. ज्यांनी राग "बाहेर काढला" त्यांचाच राग सर्वांत जास्त राहिला. गप्प बसलेल्यांचा सर्वांत कमी.

रडू नये, असं मी म्हणत नाही. रडू आलं तर येऊ द्या, इथे कुणी थांबवणार नाही. पण रडू येणं हे उद्दिष्ट ठेवलं की माणूस स्वतःला ढकलायला लागतो. ज्याच्यावर खरा आघात झालाय, लहानपणचा अत्याचार, अपघात, घरातली मारहाण, त्याला त्या प्रसंगात पूर्ण वेगाने पुन्हा ढकललं तर शरीराला तो प्रसंग आत्ताच घडतोय असंच वाटतं. तो मोकळा होत नाही, पुन्हा एकदा घाबरतो. काही जण त्या क्षणी सुन्न होतात, खोलीतून "निघून जातात", आणि बघणाऱ्याला वाटतं शांत झाला.

म्हणून काम झेपेल तेवढ्यानेच करायचं. त्रासदायक आठवणीच्या काठावर थोडं जायचं, शरीर ताणलं की परत सुरक्षित जागी यायचं. जायचं, यायचं. हे परत येणं शिकणं हाच उपचाराचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. शनिवार-रविवारच्या शिबिरात पन्नास जणांसमोर किंकाळ्या फोडायला लावून "रिलीज" करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. सोमवारी सकाळी तुम्ही ऑफिसच्या बाथरूममध्ये थरथरत असताना त्यांच्यापैकी कुणी फोन उचलणार आहे का, एवढं आधी विचारा.

आठवणी शरीरात साठतात, कंबरेत भावना अडकतात, हे खरं का?

शब्दशः नाही. मांडीच्या स्नायूत एखादी घटना ठेवलेली नसते. आठवणी मेंदूतच असतात. पण मेंदू त्या आठवणीबरोबर शरीराची त्या वेळची तयारीही शिकून ठेवतो: दचकणं, आकसणं, श्वास धरणं. तसा वास आला, तसा आवाज आला, की ती तयारी आपोआप उठते, आणि का ते समजायच्या आधी उठते. 26 जुलै 2005च्या पुरात अडकलेली कितीतरी माणसं आजही रात्रीचा मुसळधार पाऊस सुरू झाला की उठून बसतात. पाणी कुठवर आलंय ते खिडकीतून बघितल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

एखादं आसन केल्यावर कुणी म्हणालं की "तुमच्या कंबरेतलं बालपणीचं दुःख निघालं", तर मान डोलावू नका.

याला पुरावा आहे का, की सगळं ऐकीव?

काहीला भक्कम आहे, काहीला थोडा, आणि काहीला नाही.

पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांमध्ये, धडधड, चक्कर अशा संवेदना मुद्दाम आणून त्यांची भीती घालवण्याची पद्धत चांगली तपासलेली आहे. जागेवर पळणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं असे प्रकार त्यात करतात. इंजेक्शन किंवा रक्त बघून भोवळ येणाऱ्यांसाठी स्नायू आवळून रक्तदाब टिकवण्याची लार्स-गोरान ओस्ट यांची पद्धतही तशीच. आघातानंतरच्या तणावविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर यांची शिफारस केली.

निव्वळ देहाधारित पद्धतींचे अभ्यास लहान आहेत. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचा इस्राइलमधला 2017चा यादृच्छिक अभ्यास (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेला) 63 जणांचा होता आणि त्यात लक्षणं बरीच कमी झाली. आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या 2014च्या अभ्यासात, जुन्या आणि उपचारांना दाद न देणाऱ्या आघाताच्या 64 स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांच्या आघात-संवेदनशील योगानंतर त्या गटातल्या, शेवटी तपासलेल्या 31 पैकी 16 जणी निदानाच्या निकषाबाहेर आल्या, तुलनेच्या गटातल्या 29 पैकी 6. आशा वाटावी असे आकडे आहेत. "सगळ्यांना लागू" म्हणायला ते पुरेसे नाहीत.

आणि सोशल मीडियावर ज्याच्या नावाने सगळं समजावलं जातं, ती स्टीफन पोर्जेस यांची पॉलीव्हेगल थिअरी (भीती आणि सुरक्षितपणाच्या अवस्था व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून समजावणारा सिद्धान्त) शरीरशास्त्रज्ञांमध्ये वादग्रस्त आहे. सावकाश श्वास सोडताना नाडी मंदावते, हे मात्र वादातीत आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेऊन बघा, तुम्हाला स्वतःलाच नाडीवर बोट ठेवून कळेल.

मी रोज प्राणायाम करते. मग वेगळं काय?

करत राहा. फरक दोन ठिकाणी आहे. योगवर्गात सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी करायची असते. इथे तुमचं शरीर काय सांगतंय त्यावर पुढचं पाऊल ठरतं, आणि ज्या गोष्टीने श्वास अडकतो त्या गोष्टीबद्दल बोलणंही होतं.

एक सावधगिरी. जोराचा, वेगाचा श्वास, मग तो कपालभातीचा असो की एखाद्या "ब्रीदवर्क" कार्यक्रमातला, सगळ्यांना मानवत नाही. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. काही ठिकाणी यालाच "ऊर्जा जागृत झाली" म्हणतात. फिट्स, हृदयविकार, गरोदरपण, काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोळे मिटून तासन्तास मौनात बसणंही ताज्या आघातात कधी कधी त्रास वाढवतं. तसं झालं तर डोळे उघडा, उठा, आणि शिक्षकांना सांगा. साधनेत कमी पडलात असं मुळीच नाही.

अंगाला हात लावता का?

मी लावत नाही. काही पद्धतींमध्ये प्रशिक्षित व्यक्ती खांद्यावर किंवा पाठीवर हात ठेवतात, पण तो का, कुठे, किती वेळ हे आधी सांगून, आणि दर वेळी विचारून. आधी हो म्हटलंत म्हणून पुढच्या वेळीही हो, असं गृहीत धरता येत नाही. कपडे काढायचा प्रश्नच नाही. छाती, पोटाचा खालचा भाग, मांड्या यांना स्पर्श, मिठीचा आग्रह, "तुम्ही ब्लॉक करताय म्हणून नको म्हणताय" असं बोलणं, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी उठून बाहेर पडा. बिल, उरलेली सेशन्स, संकोच, सगळं नंतर. लैंगिक स्पर्श हा कुठल्याच उपचाराचा भाग नसतो. तो गुन्हा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते.

सकाळच्या लोकलमध्ये अचानक घाबरायला होतं. तेव्हा काय करू?

ठाण्याला गाडीत चढल्यावर हलायलाही जागा नसते, त्यामुळे "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला निरुपयोगी ठरतो. खोल श्वास घ्यायची धडपड केली की उलट गुदमरल्यासारखं वाटतं. श्वास *सोडण्याकडे* लक्ष द्या. ओठ थोडे मिटून, सूप फुंकल्यासारखा हळू सोडा. घेणं आपोआप होईल. तळपाय बुटांत दाबा आणि सोडा. हँडल किंवा खांब मुठीत घट्ट धरा, मग पकड किंचित सैल करा, असं काही वेळा. नजर एका जागी खिळली असेल तर डबा बघा: निळी पर्स, पंखा, खिडकीवरचा थेंब. मनात नावं घ्या.

ही लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत शिखरावर जाऊन उतरते. पुढच्या स्टेशनला उतरायचं की नाही? पहिल्यांदा असेल, किंवा छातीत कळ, डाव्या हातात दुखणं, घाम असं असेल तर उतरा आणि मदत मागा. डॉक्टरांनी पॅनिक असल्याचं नक्की केलं असेल, तर शक्यतो लाट उतरेपर्यंत गाडीतच थांबा. दर वेळी मुलुंडला उतरलात तर शरीर "गाडी धोक्याची" एवढंच शिकतं.

घरात पाच माणसं, दोन खोल्या. हे सगळं करू कुठे?

या कामाला बंद दार लागतंच असं नाही. ओट्यापाशी उभं राहून दोन्ही हातांनी ओटा दाबता येतो. आंघोळीच्या वेळी जबडा सैल सोडता येतो. घरी "थेरपी" हा शब्द सांगायचा नसेल तर सांगू नका, मानेचा व्यायाम म्हणा. तलावपाळीला किंवा उपवनला संध्याकाळी एक फेरी, फोन खिशात, पावलांकडे लक्ष, हेही चालतं. नेरुळच्या बाजूला असाल तर खाडीकिनारी सकाळी भरपूर जागा असते. मोठ्या आठवणींचं काम मात्र घरी एकट्याने करू नका.

मला शरीरात काहीच जाणवत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?

नाही. एकेकाळी न जाणवणं हाच सुटकेचा मार्ग असतो, आणि शरीर तो लक्षात ठेवतं. अशा वेळी मी आत बघायला सांगतच नाही. गार पाण्याचा ग्लास हातात धरणं, खरखरीत टॉवेल, पायाखाली गुंडाळलेली चादर, अशा बाहेरच्या गोष्टींपासून सुरुवात करतो. "काहीच नाही" हेसुद्धा उत्तर म्हणून चालतं.

सेशननंतर दोन दिवस गळून गेल्यासारखं झालं. बरोबर का?

थकवा, जास्त झोप, विचित्र स्वप्नं, थोडं हळवं होणं, हे होऊ शकतं. पण झोप उडाली, कामाला जाता येईना, जुने प्रसंग डोळ्यांसमोरून हलेनात, तर वेग जास्त झालाय. हे थेरपिस्टला कळलंच पाहिजे. सांगितल्यावर वेग कमी न करता "त्रास होतोय म्हणजे उपचार लागू पडतोय" असं ऐकायला मिळालं, तर थेरपिस्ट बदला.

मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. बंद कराव्या लागतील?

नाही. आणि मनाने तर अजिबात करू नका.

कुणी हे लगेच सुरू करू नये?

आवाज ऐकू येणं, भ्रम, उन्मादाची अवस्था, दारू किंवा नशेचा चालू असलेला अंमल, आत्महत्येचे तीव्र विचार. यांत आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकी. अजूनही मारहाण होत असलेल्या घरात राहणाऱ्या बाईला आधी सुरक्षितता हवी. तिचे खांदे चढलेले असणं योग्यच आहे, ते सैल करायला सांगणारे आपण कोण?

बाबा म्हणतात, "मला काही टेन्शन नाही, पाठ दुखते फक्त." त्यांना आणू का?

पाठीसाठीच आणा. तुर्भ्याच्या बाजारात वर्षानुवर्षं ओझी वाहिलेला माणूस किंवा निवृत्तीनंतर दिवसभर गॅलरीत बसणारे आजोबा "मला उदास वाटतं" म्हणणार नाहीत. पाठीची तपासणी ऑर्थोपेडिककडे होऊ द्या. नंतर पाठ कधी जास्त दुखते, कुणाशी बोलल्यावर, कुठल्या दिवशी, असं विचारत गेलं की गावाकडचं घर, गेलेला भाऊ, न बोललेलं बरंच काही हळूहळू येतं. त्यांना त्याला मानसिक म्हणायला लावण्याची काही गरज नाही.

थेरपिस्ट कसा निवडायचा?

आधी मूळ पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती तपासता येते. समुपदेशक असतील तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखालचा अनुभव. देहाधारित पद्धतीचं प्रशिक्षण या पायावर हवं. नुसत्या आठवड्याभराच्या सर्टिफिकेटवर नाही. मग विचारा: "मी मध्येच थांबा म्हटलं तर काय कराल?" या प्रश्नाच्या उत्तरात माणूस कळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. 1901 पासूनच्या त्या रुग्णालयाच्या नावाला लोक अजून बिचकतात, ते बिचकणं सोडायला हवं. 1990 पासून ठाण्यात काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. दोन्हीकडे नेमकी हीच पद्धत मिळेल असं समजू नका, आधी विचारून घ्या. साधं, नीट केलेलं बोलण्याचं समुपदेशनही पुष्कळांना पुरतं.

ऑनलाइन होतं का?

होतं, पण कॅमेरा थोडा लांब ठेवून, म्हणजे खांदे आणि हात दिसतील. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून यायचं आणि तसंच परत जायचं, त्यापेक्षा कधी कधी हे बरं. तीव्र आघातासाठी सुरुवातीच्या भेटी समोरासमोर व्हाव्यात, असं मला वाटतं.

किती भेटी लागतात?

एका अपघाताची भीती असेल तर थोड्या. लहानपणापासूनचं असेल तर महिने, कधी वर्षं. पहिल्या तीन-चार भेटींनंतर काहीतरी, झोप, भूक, चिडचिड, थोडं तरी हललं का ते दोघांनी मिळून बघायचं.

आत्ताच फार बिकट वाटतंय. भेटीपर्यंत थांबता येणार नाही.

थांबू नका. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. सरकारी, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याच्या टोकाला असाल तर 112 हा आपत्कालीन क्रमांक, किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. बाजूला कुणी असेल तर त्यांना हे पान दाखवा, बोलायला सुचत नसेल तरी चालेल.

पहिल्या भेटीला येताना काय तयारी करू?

सैल कपडे, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची यादी. पोट अगदी रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, ते बाहेर बसतील. सगळी हकिगत पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. सेशननंतर लगेच मीटिंग ठेवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा. आणि खोलीत आल्यावर कुठली खुर्ची हवी, दाराकडची की खिडकीकडची, ते तुम्हीच ठरवा.